मोठ्या माणसाला बोलव

खिडकी उघडण्याचा पहिला मान वकीलबाईंना द्यायचा, असं शिवलीलानेच सुचवलं होतं. अर्ज त्यांनी लिहिला, प्राधिकरणाच्या पायऱ्या त्यांनी झिजवल्या, तर पहिला हातही त्यांचाच लागू दे, असं तिचं म्हणणं. म्हणून त्या रविवारी सकाळी पाचव्या मजल्यावर रत्नमाला बिरनाळेच्या बाहेरच्या खोलीत सोसायटीची वीसेक माणसं दाटीवाटीने उभी होती. कुणीतरी पेढेही आणले होते.

रत्नमालाने हात वर करून नव्या खिडकीचं हँडल धरलं.

चौकटीतला छोटा दिवा पिवळा झाला आणि एका गोड, समजूतदार बाईचा आवाज आला, "बाळा, हात काढ बघू. मोठ्या माणसाला बोलव."

कुणी हसलं नाही. रत्नमालाची उंची पावणेचार फूट. हसू दाबलं की खोलीत जी शांतता पसरते, ती तिला लहानपणापासून पाठ होती. तिने हँडल सोडलं, साडीला हात पुसला आणि पुन्हा धरलं.

"बाळा, हात काढ बघू."

आतल्या खोलीतून तिच्या आईचा आवाज आला. सुगंधाबाईंची डावी बाजू अर्धांगाने गेली होती, पण जीभ शाबूत होती. "त्या बयेला सांग, ह्या बाळाला वकिलीची सनद मिळून वीस वर्षं झाली."

आता सगळे मोकळेपणी हसले. रत्नमालाही हसली. शिवलीलाने घाईने पुढे होऊन हँडल धरलं, दिवा हिरवा झाला, चौकटीत कड्या सरकल्याचा आवाज आला आणि खिडकी उघडली. नदीकडचा वारा आत आला. टाळ्या वाजल्या, पेढे फिरले. रत्नमालाने पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही.

या खिडकीपाशी ही माणसं सहजासहजी आली नव्हती. सांगलीतल्या नदीकाठच्या गल्ल्या दर दोन-तीन वर्षांनी पुराखाली जाऊ लागल्या, तेव्हा प्राधिकरणाने त्या गल्ल्याच उचलून शहराबाहेरच्या बारा उंच इमारतींत आणून ठेवल्या. जमिनीवर वाढलेली माणसं उंचावर राहायला आली. अंगणात पोर सोडून स्वयंपाकाला लागायची सवय असलेल्या बायकांना खिडकीची सवय नव्हती. सुरुवातीला सगळ्यांनी लोखंडी ग्रिल लावून घेतलं. मग सात नंबरच्या इमारतीत आग लागली, आणि ग्रिलला धरून उभी राहिलेली तीन माणसं खालच्या लोकांनी डोळ्यांनी बघितली. नियम झाला की प्रत्येक घरातली निदान एक खिडकी पूर्ण उघडणारी हवी. ग्रिल उतरली. त्यानंतर वर्ष होत नाही तोच शिवलीलाचा मुलगा चिनू, अडीच वर्षांचा, त्या उघडणाऱ्या खिडकीतून खाली पडला.

शिवलीला कोरे समोरच्याच दारात राहायची. चिनू गेला तेव्हा तिला सातवा महिना होता. पुढचे कितीतरी दिवस रत्नमाला कोर्टातून आली की चपला न काढता आधी समोरच्या घरात जायची आणि शिवलीलाशेजारी नुसती बसायची. त्या बसण्यातूनच लढाई उभी राहिली. पोर पडणार नाही आणि माणूस अडकणार नाही अशी खिडकी द्या, असा अर्ज रत्नमालाने लिहिला आणि शिवलीलाने घरोघरी फिरून सह्या आणल्या. तीन वर्षांनी प्राधिकरणाने ऐकलं. त्या खिडकीचं नाव होतं 'राखण'.

लोक गेल्यावर कंपनीचा इंजिनिअर निषाद गोगटे मागे थांबला. तिशीचा, अंगात कंपनीचा निळा शर्ट. त्याला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की तो समजावून सांगू लागायचा.

"चौकटीच्या आत एक बारीक तार आहे, मॅडम. मिश्रधातूची. ही तार आपला आकार लक्षात ठेवते. थोडी वीज सोडली, ती तापली, की आखडते आणि चारही कड्या एकदम ओढून घेते. वीज थांबली की सैल पडते आणि स्प्रिंग कड्या परत बाहेर ढकलते. मोटर नाही, गंजून अडकेल असं काही नाही. घरातली वीज गेली तरी चौकटीतल्या बॅटरीवर चालते."

"वीज कधी सोडायची, हे कोण ठरवतं?"

त्याने चौकटीच्या कोपऱ्यातल्या साबणाच्या वडीएवढ्या डबीवर बोट ठेवलं. "ही. हिच्यात कॅमेरा नाही, कायद्याने घरात चालत नाही. ही फक्त अंगाची ऊब बघते. तिला एक धूसर आकृती दिसते. खांदे जमिनीपासून किती वर आहेत, पंजा किती रुंद आहे, पकड किती घट्ट आहे, यावरून समोरचं माणूस मोठं की लहान हे ती ठरवते. हजारो माणसं दाखवून तिला शिकवलंय."

"माझ्यासारखी किती दाखवली?"

निषादने डबीवरचं बोट काढून घेतलं.

"बरं, आगीत काय करते?"

"धूर जाणवला की पकड बघत नाही. मोठं माणूस खिडकीशी आलं की लगेच उघडते, आणि खालच्या पेटीतून कापडाची नळी थेट जमिनीपर्यंत सुटते. नळीला आतून रबरी वेढे आहेत. त्यातून माणूस हळूहळू घसरत खाली जातं."

"आणि खोलीत मोठं माणूस नसेल तर?"

"मग बंद राहते. एका ठिकाणी घाबरलेली मुलगी नळी सुटायच्या आधीच बाहेर पडली होती, म्हणून. पण अग्निशमनवाले बाहेरून उघडू शकतात."

रत्नमालाने आतल्या खोलीकडे बघितलं. आईच्या हातात पेला टिकत नव्हता. "म्हणजे आग लागली तर या घरात एकही मोठं माणूस नाही."

निषाद म्हणाला की यावर उपाय आहे. कंपनी एक मनगटी पट्टा देईल. तो हातात असला की डबी त्यांना मोठं धरेल.

"अंघोळीला काढून ठेवला आणि तेवढ्यात धूर झाला तर? समोरची शांभवी रोज इथे खेळायला येते, तिने उचलून हातात घातला तर?"

"तेवढी काळजी घ्यावी लागेल, मॅडम."

"निषाद, कोर्टात पहिल्या दिवशी शिपायाने मला बाहेर काढलं होतं. म्हणाला, पोरांनी इथं यायचं नाही. त्या दिवसापासून मी मोठी आहे याचा दाखला मी कुणाला दिलेला नाही. तो आता स्वतःच्या घरात, एका खिडकीला देऊ?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. पण निषादने पट्ट्याचं खोकं परत पिशवीत ठेवलं.

*

शिवलीलाला हे पटलं नाही. संध्याकाळी ती शांभवीला सोडायला आली तेव्हा दारातच उभी राहिली. शांभवी चार वर्षांची, चिनूच्या मागून झालेली. ती धावत जाऊन सुगंधाबाईंच्या पलंगावर चढली.

"पट्टा घे की, रत्ना. त्यात कसला कमीपणा? मी चष्मा लावत नाही का?"

"चष्मा नसला तर तुला कुणी कोंडून ठेवत नाही."

"हट्ट आहे हा तुझा."

"आहे. पण नुसता हट्ट नाही. ही खिडकी माणसाला उंचीवरून ओळखते, शिवलीला. माझी उंची तिला समजली नाही. उद्या आणखी कुणाचं काहीतरी समजणार नाही. तेव्हा जिना धुराने भरलेला असेल आणि ही बया गोड बोलत राहील."

"मग काय करायचं? पुन्हा उघड्या ठेवायच्या खिडक्या?" शिवलीलाचा आवाज एकदम पातळ झाला. "मला बोलताना जरा बघून बोल."

रत्नमालाने तिचा हात धरला. "उघड्या नाही. खिडकीने ठरवू नये, एवढंच म्हणते मी. तिने ओरडावं. कुणीही उघडायला घेतली, पोराने, म्हाताऱ्याने, मी, की आधी तिने मजल्यावरच्या चारही घरांत ओरडायचं. मग दहा-बारा अंक मोजण्याइतकं थांबायचं, आणि मग उघडायचं. आगीत तेवढा वेळ परवडतो. आणि पोर असेल तर तेवढ्यात कुणीतरी पोचतं."

"कोण पोचतं?" शिवलीलाने हात सोडवून घेतला. "कोण पोचलं होतं?"



पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली. शिवलीला अध्यक्ष होती. रत्नमालाने खुर्चीवर उभं राहून सगळं मांडलं, आणि तिच्या नेहमीच्या पद्धतीने सोप्या शब्दांत मांडलं. लोकांनी मान डोलावून ऐकलं. मग एकाने विचारलं, दुसऱ्याच्या पोराने रोज उठून कड्या ओढल्या तर आम्ही रोज धावायचं का. दुसरा म्हणाला, कंपनीचा इंजिनिअर शिकलेला आहे, तो काय उगाच सांगेल. तिसरा म्हणाला, एका माणसासाठी सगळ्या इमारतीला धोका नको. हात वर झाले. रत्नमालाच्या बाजूने चार, बाकी सगळे विरुद्ध. शिवलीलाचा हात विरुद्ध बाजूला सगळ्यांत आधी वर गेला होता.

"ठरलं," शिवलीला म्हणाली. तिने रत्नमालाकडे बघितलं नाही.

"तुमचं ठरलं," रत्नमाला खुर्चीवरूनच म्हणाली. "माझं मी सांगते. माझ्या घरातली डबी मी काढणार आहे. चोरून नाही, सांगून काढणार आहे. तो गुन्हा आहे हे मला ठाऊक आहे, कलमही पाठ आहे. ज्याला तक्रार करायची त्याने करावी, कागद मीच लिहून देते."

*

निषाद आठवड्याभराने आला, सुट्टीच्या दिवशी, साधा चौकड्यांचा शर्ट घालून. त्याने आल्या आल्या सांगितलं, "मी कंपनीकडून आलेलो नाही."

"मग?"

"तुम्ही विचारलं होतं, तुमच्यासारखी किती माणसं दाखवली. मी जाऊन बघितलं. एकही नाही." तो पिशवीतून अवजारं काढू लागला. "कुबड्या घेतलेली नाहीत, चाकाच्या खुर्चीतली नाहीत. मी कुणाला तसं सुचवलंही नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

डबी निघाली. तिच्या जागी त्याने एक जाड पितळी खुंटी बसवली. ती आत दाबून धरायची आणि दाबलेली असतानाच फिरवायची. लहान पोरांना दोन्ही एकदम सहसा जमत नाही. जमलंच तरी खुंटी फिरताक्षणी चारही घरांत भोंगा वाजायचा आणि आवाज यायचा, "पाचव्या मजल्यावर, बिरनाळ्यांची खिडकी उघडते आहे." मग खिडकी बारा अंक मोजायची. तेवढ्यात कुणी चौकटीजवळचं लाल बटण दाबलं तर सगळं थांबायचं. नाहीतर तार तापायची आणि कड्या सरकायच्या. धूर असेल तर नळीही सुटायची. समोर कोण आहे हे खिडकी विचारतच नव्हती. शेजारच्या घरांत भोंगे बसवायला बाजूच्या दारातल्या खोतांनी सगळ्यांत आधी होकार दिला. चौथ्या घरातल्या पोराने, जतीन अवधूतने, 'लावा की, मी कानात गाणी घालून असतो' म्हणून दिला. समोरच्या दाराने दिला नाही. तिथला भोंगा निषादने जिन्याच्या चौकात, शिवलीलाच्या दाराबाहेरच्या भिंतीवर लावला.

दुसऱ्या दिवसापासून शांभवी येईनाशी झाली.

रत्नमालाला सगळ्यात जास्त हेच लागलं. प्राधिकरणाची नोटीस आली, तिला तिने दोन पानी उत्तर दिलं. सोसायटीची नोटीस आली, तिलाही दिलं. पण संध्याकाळी समोरच्या दारामागे शांभवीचं बोलणं ऐकू यायचं आणि दार उघडायचं नाही, त्याला उत्तर देता येत नव्हतं. ती पोर जगातल्या मोजक्या माणसांपैकी एक होती, जिच्याशी बोलताना रत्नमालाला मान वर करावी लागत नव्हती.

"परत बसव ती डबी," एकदा सुगंधाबाई म्हणाल्या. "पोरीसाठी तरी."

"नाही, आई."

"मला वाटलंच होतं," सुगंधाबाई म्हणाल्या आणि कुशीवर वळवून घ्यायला हात पुढे केला.

*

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी होती. दुपारी जेवणं आटोपून रत्नमाला वाचत बसली होती. खाली जिन्याच्या तोंडाशी लोक स्कूटर चार्जिंगला लावायचे. तिथे लावू नका असं कितीदा बोलून झालं होतं. त्यातल्या एकीची बॅटरी फुटली, तिने शेजारची पेटवली, आणि जिना धुराड्यासारखा धूर वर ओढू लागला.

रत्नमालाला आधी वास आला. मग दाराच्या फटीतून काळपट धूर आत येताना दिसला. तिने ओलं फडकं फटीत कोंबलं, खिडकीशी गेली, खुंटी दाबली आणि फिरवली.

भोंगा वाजला. आवाज चारही ठिकाणी घुमला. बारा अंक भलतेच लांब वाटले. मग कड्या सरकल्या, खिडकी उघडली, आणि खालच्या पेटीतून पिवळी नळी सळसळत खाली गेली. खाली जमलेल्या लोकांनी तिचं टोक धरलं.

दारावर थापा पडल्या. दिनकर खोत आणि त्यांच्या बायको वत्सलाबाई तोंडाला ओले टॉवेल लावून गुडघ्यांवर आत आले, त्यांच्यामागे जतीन. "आमची खिडकी उघडेना," खोत धापा टाकत म्हणाले. "तुमचा भोंगा ऐकला म्हणून इकडं आलो."

"आईला आधी," रत्नमाला म्हणाली. "चादरीत गुंडाळा, पाय आधी सोडा."

"माझं होईल," सुगंधाबाई पलंगावरून म्हणाल्या. "समोर शिवलीला घरात आहे. मघाशी पोरीला रागावत होती. ती का आली नाही ते बघ."

समोरच्या घराची किल्ली रत्नमालाच्या दारामागे खिळ्याला होती. भांडण झालं तरी किल्ल्यांची अदलाबदल दोघींनीही मोडली नव्हती. तिने ओला पदर तोंडाला बांधला आणि बाहेर पडली.

चौकात धूर छतापासून खाली उतरत आला होता. उभ्या माणसाच्या छातीपर्यंत नुसती काळी भिंत होती. तिच्याखाली हवा गढूळ, पण अजून श्वास घेण्याजोगी होती. रत्नमालाला जरासं वाकावं लागलं, बाकी ती चालत गेली. तिने चाचपडत किल्ली लावली.

आत शिवलीला खिडकीखाली गुडघ्यांवर होती. धूर झाला की जमिनीलगत राहायचं हे तिने सोसायटीच्या कवायतीत स्वतःच सगळ्यांना शिकवलं होतं, आणि ती तसंच वागत होती. शांभवीला तिने पोटाखाली घेतलं होतं. एक हात वर हँडलला होता. दिवा पिवळा होता.

"बाळा, खाली बस," खिडकी म्हणत होती. "घाबरू नकोस. मदत येते आहे."

शिवलीला उठायला बघायची, धुरात डोकं गेलं की खोकत पुन्हा खाली यायची. रांगणारं माणूस, खांदे जमिनीपासून दोन फुटांवर, पकड ढिली. डबीला जसं शिकवलं होतं तसंच ती वागत होती.

"सोड ते," रत्नमाला तिच्या कानाशी ओरडली. "माझ्याकडे चल."

तिने शांभवीला ओढून पाठीवर घेतलं. पोरीने गळ्याला मिठी मारली. शिवलीलाची ओढणी रत्नमालाने स्वतःच्या मनगटाला गुंडाळली आणि ओढत निघाली. मागे शिवलीला रांगत येत होती. चौकात आता धूर रत्नमालाच्या कपाळाशी आला होता. ती आणखी वाकली. दार उघडंच होतं.

सुगंधाबाई खाली पोचल्या होत्या. वत्सलाबाई गेल्या, शांभवी जतीनच्या कुशीत गेली, मग शिवलीला, मग खोत. रत्नमाला सगळ्यांत शेवटी नळीत शिरली. आतल्या रबरी वेढ्यांनी तिला घट्ट धरलं आणि सावकाश खाली सोडलं.

खाली तिला सावलीत बसवून कुणी पाणी दिलं. तेव्हा तिसऱ्या मजल्यावर अग्निशमनवाले बाहेरून एक खिडकी उघडत होते. ती गुरव मास्तरांची. मास्तर आणि त्यांच्या बायको इंदुमती खिडकीखाली एकमेकांना टेकून सापडले. मास्तर वाचले.

*

कंपनीने जाहीर केलं की खिडक्या नियमाप्रमाणेच वागल्या. यात खोटं काहीच नव्हतं.

रत्नमालाने ते वाचून कागद बाजूला ठेवला. तिला आपण बरोबर ठरल्याचा आनंद वगैरे झाला नाही. इंदुमतीबाई तिला जिन्यात भेटल्या की कैरीच्या लोणच्याबद्दल बोलायच्या. सभेत त्यांनीही विरुद्ध हात वर केला होता. धुरात माणूस खाली वाकणारच, इतकी साधी गोष्ट हजारो माणसं दाखवूनही त्या डबीला कुणी दाखवली नव्हती. त्या धुरात मोठ्या माणसाच्या उंचीचं कुणी उरतच नव्हतं.

शिवलीला दवाखान्यातून आली तेव्हा तिचा घसा पुरता बसला होता. ती रत्नमालाच्या घरात आली आणि सुगंधाबाईंच्या पायाशी बसली. मग कुजबुजल्यासारखी म्हणाली, "माझी पण तशी करून घ्यायची आहे. पण मला भीती वाटते, रत्ना."

"वाटणारच."

"तुला एक सांगितलेलं नाही. कुणालाच नाही." ती खोकली. "त्या दिवशी मी चटणीला मिक्सर लावला होता. दार लोटलेलं. चिनूने हाक मारली असेल, स्टूल ओढलं असेल, मला काही ऐकू आलं नाही. तुझी खिडकी किती ओरडेल? मला नसतंच ऐकू आलं."

रत्नमाला म्हणाली, "तुला एकटीला ऐकू यावं म्हणून ती ओरडतच नाही."

"मला बघायचंय," शिवलीला म्हणाली. "कुणाला न सांगता."

निषादने येऊन तिच्या खिडकीची डबी काढली, खुंटी बसवली, भोंगे जोडले आणि गेला. कंपनीने त्याला काढून टाकलं होतं.  दोन दिवसांनी सकाळी शांभवी शाळेत गेल्यावर शिवलीलाने रत्नमालाला बोलावलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं आणि रिकामा मिक्सर लावला. त्याची घरघर भिंतीतून येत होती.

रत्नमाला खिडकीशी उभी राहिली. लाल बटणावर तिने बोट ठेवलं नाही. खुंटी दाबली आणि फिरवली.

भोंगा सुरू झाला. खिडकी मोजू लागली. स्वयंपाकघराचं दार हललं नाही.  आपण या बाईला पुन्हा त्या दिवसात ढकललं आहे, आणि कुणी आलंच नाही तर तिला तिथून परत आणता येणार नाही, हे रत्नमालाला तेव्हा समजलं.

बाहेर पावलं वाजली. जतीन अनवाणी आत घुसला आणि थेट खिडकीकडे झेपावला. त्याच्यामागे खोत, अर्ध्या गालाला साबणाचा फेस, हातात तसाच ब्रश. वत्सलाबाईंचे हात कणकेने भरलेले. चौथ्या मजल्यावरची एक बाई, जिच्या घरात भोंगाही नव्हता, जिन्यातून आवाज ऐकून धापा टाकत वर आली होती. जतीनने लाल बटणावर थाप मारली. खिडकी नवावर थांबली.

"पोरगी कुठाय?" खोत विचारत होते. "शांभवी कुठाय?"

मिक्सर बंद झाला. शिवलीला दार ढकलून बाहेर आली. तिने खोलीतल्या माणसांकडे बघितलं, एकेकाकडे.

"मला खरंच ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

"आम्हाला आलं की," खोत म्हणाले.

शिवलीला तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. चिनू गेल्यापासून ती अशी मोठ्याने रडलेली रत्नमालाने पाहिली नव्हती. वत्सलाबाईंनी कणकेचे हात तसेच तिच्या पाठीवर ठेवले.

*

पावसाळा संपेपर्यंत इमारतीतल्या चाळीस घरांनी डब्या काढल्या होत्या. नियम मात्र बदललेला नव्हता. प्राधिकरणाने सगळ्यांवर मिळून दावा लावला आणि रत्नमाला सगळ्यांच्या वतीने उभी राहिली.

समोरचा वकील शांत, अभ्यासू माणूस होता. त्याने नेमकं तेच विचारलं, जे विचारायला हवं होतं. "उद्या या खिडकीतून एखादं मूल पडलं, तर जबाबदारी कुणाची?"

"आमची," रत्नमाला म्हणाली. "आम्ही धावू. तुमची खिडकी धावत नाही."

"आणि धावूनही पोचला नाहीत तर?"

कोर्टात मागच्या बाकावर शिवलीला बसली होती. रत्नमालाने मागे वळून बघितलं नाही.

"तर मी त्या आईच्या शेजारी जाऊन बसेन. एकदा बसलेली आहे. ते किती अवघड असतं हे मला सांगायला नको. पण इंदुमती गुरवांच्या शेजारी जाऊन बसायला तुमच्याकडून कोण आलं होतं, तेवढं सांगा. खिडकीने त्यांना बाळ ठरवलं. त्या सत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी पाच पोरं वाढवली होती."

वकील खाली बसला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बिरनाळे, निकाल लागेपर्यंत मूळ डब्या परत बसवाव्यात, अशी त्यांची विनंती आहे. तुमची तयारी आहे का?"

"नाही."

"विचार करून सांगा. हा आदेशही होऊ शकतो."

"विचार करूनच सांगते आहे, साहेब," रत्नमाला म्हणाली. "आदेश काढायचा तर काढा. पण डबी बसवायला जो येईल, त्याने त्या खुंटीला हात लावला की खिडकी ओरडेल. आणि आम्ही सगळे येऊ."

न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पुढची तारीख दिली.